महिन्याला आठ टक्के आणि पलटणीतला जोडीदार

पत्र : नमस्कार. आमचं गाव बेळगावच्या पश्चिम भागात, शहरापासून जवळच. माझे मिस्टर सैन्यातून सुभेदार म्हणून नुकतेच निवृत्त झालेत, वय ५१. निवृत्तीआधी सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराने बेळगावच्या एका ट्रेडिंग कंपनीत दोन लाख घालायला लावले. महिन्याला आठ टक्के, म्हणजे १६ हजार. चार महिने पैसे वेळेवर आले. पासबुकात बघितलं तर दर वेळी वेगळ्याच नावाने जमा झालेत, आणि एकदा जोडीदाराने रोख आणून दिले. मोबाईलवर अ‍ॅप आहे, त्यात रक्कम रोज वाढलेली दिसते. स्टॅम्पवर नोटरी केलेला करार आहे, दोन लाखांचा चेकही दिलाय. आता निवृत्तीचे पैसे खात्यावर आलेत, तर जोडीदार म्हणतो आणखी दहा लाख घाला आणि पाच माणसं आणा, तुम्हाला ‘लीडर’ करतो, प्रत्येकामागे कमिशन मिळेल. गावातले बरेच जण घालायलेत. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, घराचं काम अर्धं राहिलंय. मी काही बोलले की हे म्हणतात, “ज्याच्याबरोबर वीस वर्षं बॉर्डरवर काढली तो मला फसवणार काय?” मी काय करू?
– एक भगिनी, बेळगाव तालुका

ताई,

हे उत्तर तुमच्या हातात पडेपर्यंत तो जोडीदार आणखी एकदा चहाला येऊन गेलेला असणार, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. दहा लाखांतला एक रुपयाही त्या कंपनीकडे जाऊ देऊ नका. पाच माणसं आणायचं तर नावच काढू नका, का ते पुढे सांगतो. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं होतं, ते मी गाळलं आहे. एक तर तिच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही. शिवाय नाव लक्षात ठेवून फारसा उपयोग नसतो. एका गल्लीतली पाटी उतरते आणि वर्षभरात दुसऱ्या गल्लीत नव्या नावाने चढते, पद्धत मात्र तीच राहते. त्या पद्धतीची जवळपास सगळी लक्षणं तुमच्या एका पत्रात आहेत.

सुभेदारसाहेबांचा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षं एका लंगरात जेवलेला माणूस फसवेल का? बहुतेक नाही फसवणार. त्याने स्वतःचे पैसेही त्यात घातलेले असणार, बायकोचं सोनं गहाण टाकलेलं असलं तरी मला नवल वाटणार नाही. तो जे सांगतो ते मनापासून सांगतो, म्हणून तर त्याचं ऐकावंसं वाटतं. हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावून बोलणाऱ्या परक्या पोराला साहेबांनी दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. कंपनीलाही हे ठाऊक आहे, म्हणून तिने पोराला न पाठवता जोडीदाराला पाठवलं.

या योजना ओळखीच्या वाटेनेच घरात शिरतात. जून २०१९ मध्ये बंगळूरची आयएमए ही गुंतवणूक कंपनी कोसळली. तिथे धर्माच्या नियमात बसणारी, व्याज नसलेली गुंतवणूक म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी ठेवली होती. आपल्या सीमाभागात तीच जागा ‘आपला मराठी माणूस’ घेतो. बँकेतला फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, काउंटरवरचा साहेब दुसऱ्याच राज्यातला, दोनदा विचारायची भीड वाटते. अशात कुणी खुर्ची देऊन, चहा पाजून मराठीत सगळं समजावलं की आपण निम्मे तिथेच जिंकलो जातो. बेळगाव-खानापूरच्या घराघरात सैन्याची परंपरा, त्यामुळे निवृत्तीच्या पैशांवर यांची नजर असतेच. मेळाव्यात माजी सैनिकांना स्टेजवर बोलावतात, फेटा बांधतात, ‘देशाचे रक्षक’ म्हणून टाळ्या घेतात. या फेट्याची मला भारी चीड आहे. ज्याला फेटा बांधला त्याच्याच पैशातून त्या फेट्याचं बिल निघतं.

तेव्हा जोडीदार चांगला की वाईट यावरून घरात भांडू नका, त्यात तुम्ही हरणार. वही-पेन घ्या आणि पैसा येतो कुठून, एवढंच मांडा.

समजा कंपनीने शंभर जणांकडून दोन-दोन लाख घेतले. झाले दोन कोटी. माणसं आणणाऱ्यांना पाच टक्क्यांनी दहा लाख वाटले, उरले एक कोटी नव्वद लाख. आता दर महिन्याला प्रत्येकी १६ हजार, म्हणजे १६ लाख द्यायचे. ही कंपनी एका पैशाचाही धंदा करत नाही, सगळी रक्कम नुसती कपाटात ठेवून दिली आहे असं धरा. तरीही ती ११ महिने सगळ्यांना ठरल्या तारखेला पैसे देऊ शकते. तुमचे चार हप्ते वेळेवर आले याचा अर्थ इतकाच की अजून बारावा महिना उजाडलेला नाही. मधल्या काळात नवे शंभर जण आले तर मुदत लांबते. तुमच्याकडून दहा लाख आणि पाच माणसं हवीत ती याचसाठी. तुमचा स्वतःचा हिशेब बघा. दोन लाख दिले, ६४ हजार आले, १ लाख ३६ हजार अजून त्यांच्याकडे आहेत. दहा लाख घातले तर महिना ८० हजाराने नुसतं मुद्दल सुटायला साडेबारा महिने लागतील. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. मुंबईत दादरच्या टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीने तर आठवड्याला पैसे दिले. लोक खूश होते, दर आठवड्याला नातेवाईक आणत होते. मग हप्ते थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये शोरूमसमोर गर्दी उसळली.

बरं, हे पैसे ट्रेडिंगमधून येतात म्हणतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या जोखमीच्या वायदे व्यवहारांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. बाजारात हुशार माणूसही काही महिने कमावतो, काही महिने गमावतो. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला नेमके आठ टक्के बाजार कुणालाच देत नाही. म्हणूनच सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालाला किंवा सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी द्यायला मनाई आहे. हमी देणाऱ्याकडे एक तर नोंदणी नाही, नाहीतर नोंदणी असून तो नियम मोडतोय. आणखी एक साधी गोष्ट. महिन्याला आठ टक्क्यांच्या वर कमावण्याची विद्या ज्याच्याकडे खरंच आहे, तो बँकेकडून वर्षाला बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज काढेल, की तुमच्या दारात येऊन वर्षाला ९६ टक्के देत बसेल? हा प्रश्न साहेबांनी जोडीदारालाच विचारावा. रागाने नको, हिशेब म्हणून.

मोबाईलमधल्या वाढत्या आकड्याकडे बघून जीव रमवू नका. अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून उतरवलं असेल तर ते कंपनीने स्वतः तयार केलेलं, आणि आकडा त्यांनी टाईप केला की वाढतो. अशा अ‍ॅपमधून मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, ‘प्रोसेसिंग फी भरा’ असा निरोप येतो. खरा कर देय असेल तर तो सरकारला भरायचा असतो. आपलेच पैसे सोडवायला आधी पैसे मागणारा माणूस दुसऱ्यांदा लुटतोय.

आता पासबुकाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं ते वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. कंपनी व्याज देते तेव्हा ते कंपनीच्या खात्यातून येतं, रक्कम नियमाच्या वर गेली की त्यातून टीडीएस कापला जातो आणि कापलेला कर आपल्या पॅनवर दिसतो. इथे एकदा कुणा पाटलाच्या नावाने, एकदा उत्तरेकडच्या कुणा अनोळखी नावाने, एकदा यूपीआयवरून आणि एकदा खिशातून रोख, असं काहीसं चाललेलं दिसतं. धंदा खरा असता तर हा उद्योग कशाला करावा लागला असता? अशा वेळी वापरली जाणारी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. कॉलेजच्या पोरांना, हातावर पोट असलेल्यांना चार-पाच हजार देऊन त्यांचं पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड घेतात. त्या खात्यातून फिरणारा पैसा दुसऱ्याच कुणाचा, कदाचित ओडिशातल्या एखाद्या म्हातारीला ठकवून काढलेला असू शकतो. तिने तक्रार केली की पोलीस तो पैसा ज्या-ज्या खात्यात गेला त्या साखळीच्या मागे लागतात आणि बँक त्या खात्यांतली रक्कम गोठवते, कधी अख्खं खातं बंद करते. ताई, ते खातं तुमच्या मिस्टरांचं पेन्शनचं खातं आहे. १६ हजारांच्या एका एंट्रीपायी पेन्शन अडकली तर ती सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागेल. सुभेदारसाहेबांना बाकी काही पटलं नाही तरी हे पटेल असं मला वाटतं. त्यांना घेऊन बँकेत जा, गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि त्या एंट्र्यांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांच्यासमोर ठेवा. जोडीदाराविषयी एक शब्दही बोलू नका.

मग तो स्टॅम्प. नोटरी काय तपासतो हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. सही करणारा माणूस तोच आहे आणि त्याने आपल्यासमोर सही केली, एवढ्यावर त्याचा शिक्का असतो. धंदा खरा की खोटा, परवाना आहे की नाही, याच्याशी नोटरीचा संबंध नाही. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर तो वाचून दाखवणारा विश्वासाचा माणूस शोधा, कंपनीचा नको. असल्या करारांत बऱ्याचदा ‘गुंतवणूक’ हा शब्दच नसतो. ‘घरगुती अडचणीसाठी हातउसने घेतले’ असं लिहिलेलं असतं, कारण ठेव घेतली म्हटलं की कायदा मागे लागतो. आठ टक्क्यांचा उल्लेखही नसतो, तो फक्त तोंडी असतो. चेकचंही तसंच. चेक हा पैसा नव्हे, खात्यात शिल्लक असेल तरच तो वटतो. तरी तो जपून ठेवा आणि त्यावरची तारीख बघा, कारण तारखेपासून तीन महिन्यांनी चेक निकामी होतो. वटला नाही तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात फिर्याद. ‘आम्हाला विचारल्याशिवाय चेक टाकू नका’ असं सांगून हीच मुदत घालवतात.

ऑफिसच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेले दाखले तुम्ही बघितले असतील. ‘सरकारमान्य कंपनी’ असं त्यावरून सांगतात. पुढच्या वेळी जवळ जाऊन वाचा. कंपनी नोंदणीचा दाखला म्हणजे कंपनी जन्माला आल्याचा दाखला. जीएसटीचा दाखला कर भरण्यासाठी. छोट्या उद्योगांसाठीचा उद्यमचा दाखला तर घरबसल्या, फुकट, आपणच भरलेल्या माहितीवर मिळतो. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाही. परवानगी असते ती रिझर्व्ह बँकेची, सेबीची नाहीतर सहकार निबंधकाची, त्या-त्या प्रकारच्या संस्थेला. शेअर दलालाचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने. क्रमांक दाखवला तरी तेवढ्यावर थांबू नका, तो सेबीच्या संकेतस्थळावर घालून कुणाच्या नावावर आहे ते बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. आणि नोंदणीकृत सल्लागार असला तरी गुंतवणुकीची रक्कम तो स्वतःच्या खात्यावर घेत नाही. ठेवी घेणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं संकेतस्थळ आहे. कोणत्या संस्थेला ठेवी घ्यायची मुभा आहे ते तिथे शोधता येतं, तक्रारही करता येते. मुलगी इंजिनिअरिंगला आहे ना? हे काम तिच्याकडे द्या. बापाला बायकोचं पटत नाही ते कधीकधी लेकीचं पटतं.

आता ‘लीडर’. हे सगळ्यात गंभीर आहे आणि गावात याची कुणाला कल्पना नाही. २०१९ साली केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा झाला. परवानगी नसलेल्या योजनेत पैसे ठेवा म्हणून लोकांना आग्रह करणं हाच त्यात गुन्हा आहे. एक ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. कंपनी बुडायची वाट बघावी लागत नाही. प्रत्यक्ष ठेवी घेणाऱ्याला दोन ते सात वर्षं. म्हणजे आज साहेबांचं नाव गुंतवणूकदार, उद्या फसवणूक झाल्याचं उघड झालं तर फिर्यादी. पाच माणसं आणली आणि कमिशन खात्यावर घेतलं की ते आरोपींच्या यादीत जाऊ शकतात. मालक दुबईला किंवा कुठे गायब होतो, आणि लोक जातात कुणाच्या दारात? ज्याने पैसे घालायला सांगितले त्याच्या. इस्लामपूर भागातलं २०१९ चं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवत असेल. पिल्लं घ्या, पाळा, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, असं सांगितलं होतं. सगळा व्यवहार त्या ‘परत घेतो’वर उभा होता. कंपनीने हात वर केले तेव्हा शेतकऱ्याच्या दारात खाणाऱ्या कोंबड्या उरल्या आणि ज्यांच्या शब्दावर त्याने पैसे भरले ते ओळखीचे लोक तोंड चुकवू लागले. त्यामुळे नवऱ्याला ‘लीडर’ होऊ देऊ नका, मग बाकी काहीही होवो.

आता करायचं काय ते क्रमाने नाही, पण घाईने. दोन लाख परत मागा. त्यासाठी कंपनीला शंका येईल असं काही बोलू नका, पोलिसांचं नाव तर मुळीच नको. ‘घराच्या स्लॅबला पैसे हवेत’ हे कारण खरंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा म्हणजे नोंद राहील, आणि मुद्दल फक्त कंपनीच्या खात्यातून द्या असं सांगा. ते म्हणतील लॉक-इन आहे, मुदतीआधी पैसे काढता येत नाहीत, पुढचा महिना बघू, किंवा तुमच्याऐवजी दुसरा माणूस आणा, त्याचे तुम्हाला देतो. या तिसऱ्या उत्तरावरून तर सगळा धंदा उघड होतो. थोडी रक्कम लगेच परत देऊन विश्वास वाढवायची रीतही आहे, त्यामुळे वीस-पंचवीस हजार आले म्हणून निर्धास्त होऊ नका. तोवर करार, चेक, पावत्या, ग्रुपवरचे मेसेज, अ‍ॅपवरचे आकडे, ऑफिसच्या पाटीचा फोटो हे सगळं एका जागी काढून ठेवा. कंपनी बुडते त्या रात्री ग्रुप पहिला बंद होतो.

पैसे मिळाले नाहीत किंवा टोलवाटोलवी सुरू झाली तर तक्रार करा. ऑनलाईन पाठवलेले पैसे असतील तर १९३० या नंबरवर, आणि तेही कळल्या-कळल्या, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत तो अडवता येतो. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस ठाणं आहे. आपल्याकडे नेहमीची अडचण अशी की ऑफिस बेळगावात, कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात आणि खातं तिसऱ्याच राज्यात, मग ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकून लोक मागे फिरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा अशी तरतूद आहे. तक्रार तोंडी सांगितली तर ठाण्याने ती लिहून घेऊन वाचून दाखवायची आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, हेही त्यात आहे. कागद कन्नडमध्ये लिहिला जाईल. कन्नड वाचणारा कुणीतरी सोबत न्या आणि समजल्याशिवाय सही करू नका. आपला मराठीतला तारीखवार तपशील आधीच लिहून नेला तर लिहिणाऱ्यालाही सोपं जातं. माजी सैनिकांसाठी सैनिक कल्याण खात्याचं कार्यालय आहे, तिथेही एक अर्ज द्यावा. गावातल्या आणखी चौघांनी मिळून तक्रार केली तर उत्तम. कर्नाटकात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा २००४ चा कायदा आहे. त्यात कंपनीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याची सोय आहे, पण वेळ लागतो, आणि फार लागतो. पर्ल्स नावाने जमिनीच्या योजना विकणाऱ्या पीएसीएलला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी परत करायला सांगितले. पुढे माजी सरन्यायाधीश लोढांच्या समितीमार्फत लहान रकमांपासून परतफेड सुरू झाली, पण वर्षानुवर्षं लोक अर्ज करत राहिले. म्हणून घातलेले काढण्यापेक्षा न घातलेले वाचवणं जास्त हातातलं आहे.

आणि पैसे बुडाले अशी बातमी फुटली की फोन येऊ लागतील, ‘आम्ही वसूल करून देतो, दहा टक्के आगाऊ द्या.’ कधी स्वतःला सायबर पोलीस म्हणवतात, कधी रिझर्व्ह बँकेचे साहेब. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. फोन ठेवून द्या.

निवृत्तीचे पैसे घरात पडून राहिले तर जोडीदार पुन्हा येणारच, म्हणून त्यांना जागा करा. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना पन्नाशीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घेता येते, बाकीच्यांना साधारणपणे साठीनंतर. कमाल ३० लाख. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला, आताचा पोस्टात विचारा. वर्षाला ८.२, ताई, महिन्याला नव्हे. सरकारची हमी असलेला कागद इतकं देतो हे डोळ्यासमोर असलं की महिन्याला आठ टक्के ऐकून आपोआप दचकायला होतं. निवृत्तीची रक्कम ठेवायला काही अटी आणि मुदती असतात, तेव्हा या आठवड्यातच पेन्शनची कागदपत्रं घेऊन जा. दर महिन्याला हातात पैसे हवे असतील तर मासिक उत्पन्न योजना आहे, दोघांच्या नावावर १५ लाखांपर्यंत. आमच्याकडे गल्लोगल्ली सोसायट्या आणि सौहार्द सहकारी संस्था आहेत, त्यातल्या काही खरंच चांगल्या चालतात, पण एक लक्षात असू द्या. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकेतल्याही, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. सोसायटीत ठेवायचंच असेल तर सभासद म्हणून वार्षिक सभेला जा, ऑडिटचा वर्ग विचारा आणि शेजारच्या सोसायटीपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देणारीकडे पाठ फिरवा. घराचं उरलेलं काम करून घेतलंत तर तीही वाईट गुंतवणूक नाही.

राहिला जोडीदार. त्याच्याशी वैर धरू नका आणि भीडही ठेवू नका, भीड ही भिकेची बहीण. त्याला घरी जेवायला बोलावून स्टेटमेंटवरच्या खुणा साहेबांनी दाखवाव्यात आणि तुझ्या पासबुकातही असंच आहे का विचारावं. असणारच. तो अजून माणसं आणत असेल तर आज थांबण्यात त्याचाही फायदा आहे, आणि तक्रारीच्या वेळी तो तुमच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकतो. वहीत एक पान त्या ६४ हजारांसाठीही ठेवा. कोणत्या तारखेला, कुणाच्या नावाने, किती आणि कसे आले ते लिहा, रोख मिळालेलेही लपवू नका. उद्या दावा करायची वेळ आली तर मिळालेले हप्ते मुद्दलातून वजा धरले जाऊ शकतात, आणि हिशेब आपल्याकडे आधीपासून लिहिलेला असला की उलटतपासणीत माणूस अडखळत नाही.